पी०१७१ पुन्हा पुन्हा येतो: ऑक्सिजन सेन्सर बदलूनही दिवा का जात नाही

प्रश्न थोडक्यात असा: २०१४ची पेट्रोल वॅगनआर, एक लिटरचे ३ सिलिंडरचे इंजिन, पुण्यात नोंदलेली, १ लाख १२ हजार किमी झालेली. नंतर बसवलेले सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी०१७१ दाखवतो. गॅरेजमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड उडवला, ८ दिवसांनी दिवा परत. पिकअप थोडा कमी, सकाळी स्टार्ट व्हायला २ वेळा सेल मारावा लागतो. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा भाग) बदलायला सांगत आहेत.

कन्व्हर्टर अजिबात बदलू नका. पी०१७१चा आणि कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा काही संबंध नाही. त्यासाठी वेगळा कोड असतो, पी०४२०. पी०१७१चा अर्थ एवढाच की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) दिसते आहे, म्हणून तो इंधन वाढवत गेला आणि वाढवता वाढवता त्याची मर्यादा संपली. हे ईसीयूला सांगतो धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर. म्हणून कोड आला की आधी त्याच्यावर संशय जातो. पण ताप आला म्हणून थर्मामीटर बदलत नाहीत. तुमच्याकडे नवा सेन्सर लावल्यावरही तेच माप येत असेल, तर सेन्सर बहुधा खरेच बोलतो आहे.

पहिले काम: कोड उडवू नका. कोडसोबत ईसीयूने फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, कूलंटचे तापमान, इंजिनवरचा भार आणि इंधनाचे ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली वाढ-घट, टक्क्यांत). कोड उडवला की ती माहिती जाते आणि शिकलेले ट्रिमही शून्यावर येते. ‘कोड उडवल्यावर ८ दिवस गाडी बरी होती’ याचा अर्थ दुरुस्ती झाली असा नाही, ईसीयूला पुन्हा मर्यादेपर्यंत पोचायला ८ दिवस लागले. फ्रीझ फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यात ७५० आरपीएम आणि वेग शून्य असेल तर दोष आयडलिंगचा. ३,००० आरपीएम आणि भार ७०-८० टक्के असेल तर इंधन कमी पोचते आहे. निम्मा शोध इथेच लागतो.

स्कॅनर महागडा लागत नाही. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचे ॲप पुरते. आपल्याकडे ओबीडी-२ची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याच्या प्रणालीची) सक्ती बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३पासून झाली, त्यामुळे २०१४च्या गाडीत लाइव्ह डेटा नीट वाचता येतो. त्याआधीच्या गाड्यांत बरेचदा मोजकेच कोड असतात आणि स्वस्त अडॅप्टर जोडलाही जात नाही. काम झाल्यावर अडॅप्टर काढून ठेवा. तो गाडी बंद असतानाही बॅटरी खातो, आणि बॅटरी उतरली की त्यातून नवेच कोड येतात.

आता मुख्य काम, ट्रिम वाचणे. ट्रिम दोन असतात. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेली. दोन्हींची बेरीज बघायची. निरोगी इंजिनात ती शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे ८ टक्के. अधिक म्हणजे इंधन वाढवले जाते आहे. बेरीज २०-२५च्या पुढे टिकली की पी०१७१ लागतो. इंजिन पूर्ण गरम, कूलंट ८५-९५ अंश, एसी बंद, आणि ॲपमध्ये ‘क्लोज्ड लूप’ (ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन ठरवतो ती स्थिती) दिसत असताना ४ नोंदी घ्या: पेट्रोलवर आयडलिंगला, पेट्रोलवर २,५०० आरपीएमला १ मिनिट धरून, मग सीएनजीवर याच दोन. प्रत्येक वेळी इंधन बदलल्यावर ३-४ मिनिटे थांबा, आकडे स्थिरावू द्या.

तुमच्या गाडीत सीएनजी आहे हे इथे फार उपयोगी पडते. बहुतेक सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलचा ईसीयूच इंजेक्शनचा वेळ ठरवतो आणि गॅसचा ईसीयू तो गुणून गॅस इंजेक्टरला देतो. ऑक्सिजन सेन्सर, मॅप सेन्सर (इनलेट मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा), प्लग, सायलेन्सर सगळे तेच. बदलतो फक्त इंधनाचा मार्ग. म्हणून पेट्रोलवर +२२ आणि सीएनजीवर +३ आले तर दोष पेट्रोलच्या मार्गातच: पंप, टाकीतला फिल्टर, इंजेक्टर. उलट पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर +२२ असेल तर गॅसचा फिल्टर, रिड्युसरचा (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाचा) दाब किंवा किटचे ट्यूनिंग. पेट्रोलच्या भागांना हातही लावू नका. दोन्हींवर सारखेच +२२ असेल तर दोष दोन्हींना सामाईक जागी आहे: हवा, मॅप सेन्सर, सायलेन्सरची गळती, अर्थिंग किंवा सेन्सर. एक अपवाद लक्षात ठेवा. जुन्या मिक्सरवाल्या किटमध्ये सेन्सरचा खोटा सिग्नल देणारा एम्युलेटर असतो, तिथे सीएनजीवरच्या आकड्यांना अर्थ नाही.

सकाळी उशिरा स्टार्ट होणे आणि पिकअप कमी असणे ही लक्षणे बघता मला पेट्रोलच्या मार्गाचा संशय जास्त येतो. पण अंदाजावर पंप आणू नका. आधी ४ नोंदी घ्या.

बहुतेक ठिकाणी पी०१७१ म्हटले की ‘व्हॅक्यूम लीक शोधा’ असे सांगतात. ज्या गाडीत एअर फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये हवेचे वजन मोजणारा सेन्सर असतो तिथे ते बरोबर आहे, कारण फुटक्या होजमधून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. तुमच्या इंजिनात तसा सेन्सर नाही. इनलेट मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. अशा इंजिनात जास्तीची हवा शिरली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, मॅप सेन्सर ते सांगतो आणि ईसीयू इंधनही वाढवतो. त्यामुळे ट्रिम फारसे हलत नाही, आयडलिंग मात्र चढते. म्हणजे आयडलिंग ८००च्या जागी १,१०० असेल, खाली-वर होत असेल, तर होज शोधा. आयडलिंग शांत असून ट्रिम +२२ असेल तर होज शोधण्यात दिवस घालवू नका.

मॅप सेन्सर तपासायला खर्च शून्य. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. तेव्हा त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. मुंबईत किंवा रत्नागिरीत तो १०० किलोपास्कलच्या आसपास, पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने तिथे ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीत ८७ दिसत असेल तर सेन्सर कमी सांगतो आहे, त्यावर ईसीयू इंधन कमी मोजतो आणि मिश्रण खरेच पातळ होते. गरम इंजिन आयडलिंगला असताना ३० ते ४० हवे. ४५-५०च्या पुढे असेल तर व्हॅक्यूम कमी पडतोय: गळती, चुकलेले टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन.

आता सायलेन्सरची बाजू. हे कारण सगळ्यात जास्त सुटते. हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधले पॅकिंग किंवा सेन्सरच्या आधीचा जॉइंट किंचित उघडा असेल, तर दोन धडाक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘पातळ’ म्हणतो, ईसीयू इंधन वाढवतो. प्रत्यक्षात मिश्रण घट्ट, म्हणजे इंधन जास्तीचे, झालेले असते. आयडलिंगला ट्रिम खूप आणि २,५००ला कमी, ही याची खूण. सकाळी गार इंजिन चालू करून बॉनेट उघडा आणि लगेच ऐका: टिक-टिक असा आवाज येतो आणि २-३ मिनिटांत, लोखंड तापून फुगले की, नाहीसा होतो. टेलपाइपवर जाड ओला फडका एखादा सेकंद धरला तर आवाज वाढतो. इंजिन गार झाल्यावर उष्णतारोधक पत्रा काढून टॉर्चने जॉइंट बघा. गळती असेल तिथे राखाडी धातूवर काजळीची बारीक काळी पिसासारखी रेघ बाहेर पसरलेली दिसते. पॅकिंग स्वस्त असते, पण त्याचे गंजलेले नट घाईने फिरवले तर स्टड तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा.

प्लग काढून बघितल्यानेही खरे पातळ आणि खोटे पातळ वेगळे करता येते. शेवटचे १०-१५ किमी एकाच इंधनावर चालवून तिन्ही प्लग काढा, सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडा. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचे पोर्सिलीन फिकट बिस्किटी असेल तर ज्वलन ठीक. खडूसारखे पांढरेफटक आणि कडेला बारीक फोड असतील तर मिश्रण खरेच पातळ. कोरडी काळी काजळी असेल आणि स्कॅनर मात्र पातळ म्हणत असेल, तर सेन्सर फसवला जातो आहे: सायलेन्सरची गळती, अर्थिंग किंवा मिसिंग. मिसिंगमध्ये न जळलेल्या सिलिंडरची हवा तशीच सायलेन्सरमध्ये जाते आणि सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, म्हणून पी०३०१ ते पी०३०३ यांपैकी कोड सोबत असेल तर आधी मिसिंग मिटवा. तीनपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा, बहुधा इंजेक्टर. सीएनजीवर जास्त चालणाऱ्या गाडीत प्लगचा गॅप मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खालच्या बाजूला ठेवावा. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते आणि मोठ्या गॅपवर कॉइल लवकर जाते.

पीयूसीच्या केंद्रावरही एक मोफत पुरावा मिळतो. बीएस-४ पेट्रोल गाडीची मर्यादा आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेले इंधन) २०० पीपीएम आहे. ट्रिम +२०च्या पुढे असूनही सीओ ०.३च्या वर जात असेल, तर इंधन जास्तच पडते आहे, म्हणजे सेन्सरला खोटी हवा दिसते. सीओ जवळजवळ शून्य असेल तर पातळपणा खरा, आणि मग पेट्रोलचा दाब बघायचा.

दाब मोजायला गेज लागतो, ते काम गॅरेजमध्येच करून घ्या, पण स्वतः समोर उभे राहा. पेट्रोलची लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि जवळ अग्निशामक हवाच. या वर्गातल्या गाड्यांत दाब साधारण ३ बार असतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आयडलिंगला दाब ठीक पण रेस दिल्यावर अर्ध्या बारपेक्षा जास्त पडत असेल तर पंप थकला आहे किंवा त्याची जाळी चोंदली आहे. इंजिन बंद केल्यावर ५ मिनिटे दाब टिकला पाहिजे. लगेच शून्यावर आला तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतो आणि सकाळचा दुसरा सेल तिथूनच येतो. याची घरगुती चाचणी अशी: सकाळी सेल मारण्याआधी चावी ऑन करून ३ सेकंद थांबा, बंद करा, असे ३ वेळा करून मग सेल मारा. पंप दरवेळी थोडा दाब भरतो. गाडी पहिल्या सेलला चालू झाली तर दाब रात्रीतून उतरतो हे नक्की.

पंप बदलण्याआधी त्याला येणारे व्होल्टेज मोजा. पंपाच्या कनेक्टरवर इंजिन चालू असताना १३ व्होल्टच्या आसपास हवे. ११ येत असतील तर नवा पंपही कमीच दाब देईल. रिले, कनेक्टर किंवा अर्थिंग बघा.

सीएनजीच्या गाड्यांत पंप का मरतो हेही सांगतो. पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवते. बऱ्याच बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गॅसवर असतानाही पंप फिरतच राहतो. टाकीत ३-४ लिटरच ठेवण्याची सवय म्हणजे तापलेला पंप. किमान पाव टाकी ठेवा. आणि पेट्रोलचे इंजेक्टर महिनोन्महिने न वापरता राहिले की त्यांच्या तोंडावर चिकट थर बसतो, म्हणून रोज ४-५ किमी पेट्रोलवर चालवा. इंजेक्टर साफ करायचे तर टाकीत ओतायच्या बाटलीने फार होत नाही. काढून अल्ट्रासोनिकमध्ये घाला आणि साफ करण्याआधी व नंतर तिन्हींतून पडणारे पेट्रोल मोजनळ्यांत मोजून दाखवायला सांगा. परत बसवताना ओ-रिंग नव्याच हव्यात.

इथे इथेनॉलचा हिशेबही धरावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे इथेनॉल वाढले की तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावे लागते. १० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या पेट्रोलवर आल्यावर ट्रिम सुमारे ४ टक्क्यांनी वर सरकते. निरोगी गाडीला याने काही होत नाही. पण थकलेल्या पंपामुळे जी गाडी आधीच +१८वर होती, ती या ४ टक्क्यांनी कोडच्या उंबरठ्यावर येते. मग दोष सगळा पेट्रोलला दिला जातो आणि पंप तसाच राहतो. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून पावसाळ्यात महिनाभर उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका, भरून ठेवा. जुने रबरी होज आणि ओ-रिंग वर्षातून एकदा बोटाने दाबून बघा. भेगा, चिकटपणा किंवा पेट्रोलचा वास आला तर बदलाच.

बॅटरी आणि अर्थिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण कोकणात आणि पावसाळ्यात अर्धी भुते इथलीच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट हवेत, १२.२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मग अर्थिंग: मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटावर, आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ आले तर इंजिनची अर्थ-पट्टी किंवा क्लॅम्प खराब आहे. ऑक्सिजन सेन्सरचा सगळा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टच्या आत चालतो आणि घट्ट-पातळ ठरते ०.४५ला, तिथे अर्थिंगमधली दशांश-दोन दशांशाची तूटही निकाल फिरवू शकते. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट करा, वरून ग्रीस लावा. वीस मिनिटांचे काम आहे आणि मी कुठल्याही भागाच्या खरेदीआधी हेच करायला सांगेन.

त्याच वेळी वायरिंगवरून हात फिरवा. उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात. वरून टेप अख्खी दिसली तरी खालून तांबे उघडे असते. कनेक्टरमध्ये हिरवट पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवा. ऑक्सिजन सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मात्र क्लीनर, ग्रीस काही घालू नका, आणि त्याची वायर तोडून झाळून जोडू नका. असे बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आवरणातूनच घेतात. तुमच्या नव्या सेन्सरला जुना कनेक्टर असा जोडला असेल तर ती जागा तपासा. इंजिनवर साधे सिलिकॉन सीलंट वापरले असेल तर त्याच्या वाफेनेही सेन्सर खराब होतो, सेन्सरला चालणारे सीलंट वेगळे मिळते.

नव्या सेन्सरची खात्री करणे सोपे आहे. गरम इंजिन २,००० आरपीएमला धरून आलेख बघा: रेघ ०.२च्या खाली आणि ०.७च्या वर भराभर जायला हवी. एकदम रेस दिल्यावर ०.८च्या वर उडी. एखादा छोटा व्हॅक्यूम होज क्षणभर काढल्यावर ०.२च्या खाली. हे तिन्ही होत असेल तर सेन्सर निर्दोष.

दुरुस्ती झाल्यावर कोड उडवा आणि शहरात व हायवेवर मिळून ८०-१०० किमी चालवा, त्यात एक चांगला चढ असू द्या, कात्रजचा घाट पुरेसा आहे. मग त्याच ४ नोंदी पुन्हा घ्या. दिवा लागलेला नाही एवढ्यावर समाधान मानू नका. +२२चे +१५ झाले असेल तर अजून काहीतरी बाकी आहे आणि दिवा महिन्याभरात परत येईल. ‘पेंडिंग’ यादीतही बघा, दिवा लागण्याआधी कोड तिथे दिसतो.

या गाडीत पुढे येऊ शकणाऱ्या दोन गोष्टी. दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी जपून चालवता येते, पण तो लुकलुकायला लागला तर मिसिंग इतके आहे की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटते आहे. बाजूला घ्या आणि टो करा, नाहीतर खरोखरच कन्व्हर्टर घ्यावा लागेल. आणि कूलंट ७० अंशांच्या वर जातच नसेल, किंवा पी०१२८ आला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. गाडी गरम होत नाही म्हणून लोक खूश असतात, पण गार इंजिनात ईसीयू जास्त पेट्रोल टाकत राहतो आणि ॲव्हरेज पडते. थर्मोस्टॅट काढून टाकून पाइप सरळ जोडून देणारे मिस्त्री अजून आहेत. तसे करू देऊ नका, नवा बसवून घ्या.

४ नोंदी, चावी-ऑनचा मॅप, सेल मारतानाची अर्थिंगची तूट आणि पीयूसीच्या पावतीवरचा सीओ, एवढे आकडे एका कागदावर लिहून गॅरेजमध्ये न्या. पेट्रोलवरचा आकडा सीएनजीवरच्यापेक्षा १५ने जास्त असेल तर थेट पेट्रोलचा दाब मोजायला सांगा. फरक नसेल तर एक्झॉस्टचे पॅकिंग.